न मोजलेले अंगठे

अंगठ्याच्या मुळाशी झिजलेल्या सांध्याचे काय करायचे, यावर हल्ली दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, युरोपात सरळ नवा सांधा बसवतात, सहा आठवड्यांत बाई पोळ्या लाटायला लागते, आणि आपल्याकडे मात्र हाड काढून टाकण्याचा १९४९ सालचा उपाय अजून चालू आहे. दुसरा म्हणतो, हे सगळे कंपन्यांनी काढलेले खूळ आहे. धातूची खुंटी हातात ठोकून घेण्यापेक्षा शेक घ्या, तेल चोळा, वय झाले की दुखायचेच. दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात, कधी कधी डॉक्टरांच्या तोंडूनही हेच दोन सूर आलटून पालटून येतात. दोन्ही बाजूंनी न बोलता एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की हा नव्या-जुन्याचा वाद आहे. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. कृत्रिम सांधा चांगला की वाईट हे तो सांधा हातात घेऊन, उलटून-पालटून पाहून कळत नाही. तो ज्यांना बसवला त्यांचे पाच-दहा वर्षांनी काय झाले, हे कोणीतरी चिकाटीने मोजत बसले असेल तरच कळते. भारतात हे कोणी मोजत नाही. म्हणून माझी भूमिका अशी : अंगठ्याच्या कृत्रिम सांध्याला माझा विरोध नाही, पण प्रत्येक बसवलेल्या सांध्याची सक्तीची नोंद होत नाही तोवर तो आपल्याकडे सरसकट सुचवला जाऊ नये.

आधी हा सांधा कुठला ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांना दुखते ते मनगट की अंगठा याचाच पत्ता नसतो. मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांतले अंगठ्याच्या बाजूचे, सुपारीएवढे हाड म्हणजे ट्रॅपेझियम. त्याच्यावर अंगठ्याचे तळहातातले हाड टेकते. दोन्हींचे पृष्ठभाग खोगिरासारखे वळलेले असल्याने याला खोगीर-सांधा म्हणतात. या बैठकीमुळे अंगठा उरलेल्या चार बोटांसमोर येऊ शकतो. सुई धरणे, मोदकाच्या कळ्या पाडणे, सही करणे सगळे तिच्या जिवावर चालते. त्याची किंमतही इथेच मोजावी लागते. अमेरिकेतल्या कूनी आणि चाव यांनी १९७७ मध्ये हिशेब मांडला होता, की चिमटीच्या टोकाशी एक किलोचा जोर लावला तर मुळाशी सुमारे बारा किलोचा दाब येतो आणि घट्ट मुठीत तो १२० किलोपर्यंत चढू शकतो. कुकरचे झाकण, लोणच्याची बरणी, ओली चादर पिळणे, अडलेली किल्ली फिरवणे, या साध्या कामांत त्या सुपारीएवढ्या हाडावर काय गुदरत असेल याची कल्पना यावरून यावी. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत ही झीज पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळते, आणि आपल्या घरांत कणीक मळण्यापासून पिळण्यापर्यंतची कामे कोणाच्या वाट्याला येतात हे सांगायला नको. 'बाईचा हात दुखतोय' ही तक्रार घरात किती काळ ऐकून न ऐकल्यासारखी केली जाते, तेही सांगायला नको.

पण झीज आणि दुखणे यांचे नाते सरळ नाही. उतारवयातल्या कोणाच्याही हाताचा एक्स-रे काढा, तिथे थोडीफार झीज बहुधा दिसेल. त्यांपैकी कित्येकांचे काहीही दुखत नसते. उलट एक्स-रेवर किरकोळ दिसणारी झीज एखादीला रात्र रात्र जागवते. एक्स-रे दाखवून 'आता बदलावाच लागेल' असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. नेदरलँड्समध्ये आठशेहून अधिक रुग्णांना आधी हाताला आधार देणारा पट्टा आणि हाताचे व्यायाम दिले आणि त्यांच्यावर दोन वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवले. त्यांच्यापैकी शस्त्रक्रियेपर्यंत पोचले सुमारे १५ टक्के. बाकीच्यांना ती लागली नाही, किंवा नको वाटली. अर्थात इथेही भाबडेपणा नको. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खरा पट्टा, दिखाऊ पट्टा आणि पट्टाच नाही असे तीन गट केले होते; तिघांनाही व्यायाम आणि हात कसा वापरायचा याचे शिक्षण दिले. खऱ्या पट्ट्याने त्यात फारशी भर घातली नाही. याचा अर्थ पट्टा फेकून द्या असा नव्हे. फरक पाडते ते बहुधा शिकवणे आणि करून घेणे. ज्या गावात हाताचा व्यायाम शिकवणारे कोणी नाही तिथे 'आधी साधे उपाय करा' हा सल्ला कागदावरच राहतो.

शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्यांसाठी जुना मार्ग म्हणजे ट्रॅपेझियम काढून टाकणे. १९४९ मध्ये गर्व्हिस यांनी तो ब्रिटनमध्ये मांडला. हाडच नसेल तर हाडावर हाड घासणार कसे, इतका साधा विचार. पण रिकाम्या जागेत अंगठा खाली बसेल या भीतीने शल्यचिकित्सकांनी या शस्त्रक्रियेत भर घालायला सुरुवात केली. मनगटाजवळची एखादी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, घ्यायची, तिचा दोर करून अंगठा टांगायचा, उरलेल्या भागाची गुंडाळी करून पोकळीत भरायची. १९८६ मध्ये बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी वर्णन केलेली ही पद्धत अमेरिकेत इतकी रुळली की तिथल्या बहुतेक हातांच्या सर्जनांची ती पहिली निवड झाली. मग २००४ मध्ये नॉटिंगहॅमच्या डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १८३ अंगठ्यांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींचे नुसते हाड काढले, काहींच्या जागेत कंडरा भरली, काहींना दोरही घातला. वर्षभराने तिन्ही गट जवळपास सारखेच निघाले. पुढे पाच ते अठरा वर्षांनी पुन्हा पाहिले तरी चित्र तेच होते. अनेक चाचण्या एकत्र तोलून पाहणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यालाही कुठली एक पद्धत दुसरीपेक्षा सरस असल्याचे पुरेसे आढळले नाही. एवढे होऊनही कंडरेची गुंडाळी बंद झाली का? नाही झाली. म्हणजे सवयीचा हट्ट काही नव्या उपकरणांच्या चाहत्यांचीच मक्तेदारी नाही. जुन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आधी हे कबूल करावे.

आणि कृत्रिम सांध्याच्या बाजूने जे बोलले जाते त्यातले बरेच खरे आहे. हाड काढल्यावर हात नीट कामाला लागायला तीन ते सहा महिने जातात, कधी वर्ष. अंगठा थोडा आखूड होतो. चिमटीतला जोर पूर्वीइतका परत येईलच असे नसते. सांधा बसवलेल्या रुग्णाला पहिल्या काही महिन्यांत स्पष्टपणे लवकर बरे वाटते, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. पूर्वीच्या सांध्यांचा मोठा दोष म्हणजे गोळा खोबणीतून निसटणे. फ्रान्समधल्या जील बूस्के यांनी १९७० च्या दशकात खुब्याच्या सांध्यासाठी गोळ्याभोवती आणखी एक फिरता गोळा ठेवण्याची कल्पना काढली होती. ती अंगठ्यात आणल्यावर निसटण्याचे प्रमाण बरेच खाली आले. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या काही केंद्रांनी त्याआधीच्या पिढीतल्या काही सांध्यांचेही दहा वर्षांनंतरचे आकडे दिले आहेत, आणि त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक सांधे जागेवर आहेत. शेवटी एक युक्तिवाद आहे जो मला सर्वांत वजनदार वाटतो : सांधा बिघडलाच तर तो काढून, हाड काढून टाकून जुन्या शस्त्रक्रियेकडे परतता येते, आणि तसे केलेल्यांचे हात बहुधा बरेच चालतात. हरलो तरी जुन्या मुक्कामावर येऊ, मग नवा रस्ता का नको?

आता मागे वळून पाहू. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या अल्फ्रेड स्वॉन्सन यांनी सिलिकॉनचे ट्रॅपेझियम केले. मऊ, निरुपद्रवी, आधुनिक. सुरुवातीचे निकाल उत्तम होते. काही वर्षांनी सिलिकॉन झिजून त्याचे कण भोवतीच्या ऊतींत गेले, दाह झाला, शेजारच्या हाडांत पोकळ्या दिसू लागल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या द ला काफिनिएर यांनी गोळा आणि खोबणी असलेला, सिमेंटने बसवलेला सांधा आणला. सुरुवात पुन्हा छान, आणि पुढे अनेक केंद्रांतून खोबणी सैल होत असल्याच्या तक्रारी. मग सिमेंटविना, स्क्रूसारखी खोबणी असलेला इलेक्ट्रा आला. त्याच्याही पहिल्या बातम्या आश्वासक होत्या; नंतर स्पेन आणि स्कँडिनेव्हियातून खोबणी सुटण्याचे जे प्रमाण कळू लागले त्याने अनेकांनी तो बाजूला ठेवला. नॉर्वेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून काहींना इलेक्ट्रा बसवला आणि काहींचे हाड काढले. सांधेवाल्यांची सुरुवातीची प्रगती जलद होती. दोन वर्षांनी दुखणे आणि काम यांत मोठा फरक उरला नाही, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची जोखीम सांधेवाल्यांची जास्त होती. स्वॉन्सन, द ला काफिनिएर, इलेक्ट्रा : आपापल्या दिवसांत हे तिघेही 'अत्याधुनिक'च होते. आजचा दुहेरी गोळ्याचा सांधा यांच्यापेक्षा चांगला आहे असे मलाही वाटते. पण 'या वेळी खरेच जमले आहे' हे वाक्य आधीच्या प्रत्येक वेळीही प्रामाणिकपणेच उच्चारले गेले होते, त्याचे काय करायचे? फ्रेंच आणि बेल्जियन केंद्रांचे आकडे बहुधा त्या सांध्यात मुरलेल्या, कधी तो घडवण्यात सहभागी असलेल्या सर्जनांच्या हातचे असतात. वर्षाला दोन-तीन सांधे बसवणाऱ्या आपल्याकडच्या डॉक्टरांच्या हातून तेच घडेल, हे कशाच्या आधारावर मानायचे?

खुब्याच्या सांध्याचा जनक म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या जॉन चार्नली यांची गोष्ट इथे आठवते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी इंग्लंडमध्ये टेफ्लॉनच्या खोबणीचे खुबे बसवले. रुग्ण खूश, कारण वेदना गेल्या. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले आणि सुमारे तीनशे जणांचा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. चार्नली यांनी काय केले? ते रुग्ण परत बोलावले, तपासले, खोबण्या काढल्या, निघालेल्या तुकड्यांची झीज मोजली. टेफ्लॉनचा चुरा त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून शरीर काय करते ते पाहिले आणि काय दिसले ते छापले. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची खोबणी वापरायला सुरुवात केली आणि तिथून आजचा खुब्याचा सांधा उभा राहिला. आपण या माणसाच्या कल्पकतेचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण ती कल्पकता एकदा सपशेल आपटली होती. त्यांना वाचवले ते त्यांच्याकडच्या यादीने, कारण त्या तीनशे जणांची नावे आणि पत्ते त्यांच्याजवळ होते.

आपल्याकडे काय होते हे पाहायचे असेल तर फार मागे जायला नको. डीप्यू ही जॉन्सन अँड जॉन्सनची उपकंपनी. तिचा एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा २००६ पासून भारतात येऊ लागला. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते, भोवतीच्या ऊती मरत होत्या. हे सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आले? ऑस्ट्रेलियाच्या, कारण तिथे १९९९ पासून प्रत्येक बसवलेल्या सांध्याची आणि प्रत्येक पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेची राष्ट्रीय नोंद होते. एका विशिष्ट सांध्याचे रुग्ण वारंवार परत येत आहेत हे तिथे आकड्यांतून दिसले. २००९ अखेर तो ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून गेला, २४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीने तो जगभर परत बोलावला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी मुंबईत पोलिसांत तक्रारही केली. केंद्राने नेमलेल्या डॉ. अरुण अगरवाल समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, प्रत्येक बाधिताला किमान २० लाख रुपये द्यावेत असे त्यात सुचवले होते. आणि मग कळले की यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा ठावठिकाणाच लागत नाही. भरपाई ठरली, घेणारे सापडेनात. या चार हजार सातशेंमधल्या किती जणांनी लंगडत, 'ऑपरेशन नीट झाले नाही, नशीब' असे म्हणत दिवस काढले असतील? त्यांना सांधा परत बोलावल्याचे कधी कोणी सांगितले तरी असेल का?

यावर कोणी म्हणेल की खुबा आणि अंगठा यांची तुलना अस्थानी आहे. अंगठ्याचा सांधा लहान, नवे सांधे त्या धातू-धातूच्या जातीचे नाहीत, आणि बिघडला तर कोणी अंथरुणाला खिळत नाही. हे सगळे खरे आहे. पण नेमक्या याच कारणासाठी अंगठ्याची चिंता जास्त हवी. खुबा सैल झाला तर माणूस चालू शकत नाही, घरचे त्याला उचलून दवाखान्यात नेतात. अंगठ्यातली खोबणी सैल झाली तर बाई डाव्या हाताने कुकर उघडते, भाकरी करायची सोडून देते, कोणाला सांगतही नाही. तिच्या डॉक्टरांना ती परत न आल्याने ती बरी झाली असेच वाटते. मोठ्या सांध्याचे अपयश निदान कोणाच्या तरी नजरेस पडते. अंगठ्याच्या बाबतीत तीही हमी नाही.

सहा आठवड्यांच्या मुद्द्याकडेही पुन्हा यायला हवे, कारण जाहिरातीचा सगळा भार त्यावर आहे. लवकर कामाला लागणे हा मोठा लाभ आहे, पण कोणासाठी? निवृत्त शिक्षिकेला सहा आठवडे काय, चार महिने काय, त्रास होईल पण चूल बंद पडणार नाही. सोलापुरातली विडी वळणारी बाई किंवा शिवणकामावर घर चालवणारी बाई यांना मात्र एकेका आठवड्याची मजुरी मोजावी लागते. मग तर्काने हा सांधा आधी त्यांना मिळायला हवा. पण त्यांचाच अंगठा दिवसभर चिमटीत राबतो, आणि त्या सुपारीएवढ्या हाडात बसवलेल्या खोबणीवर तोच बारापट दाब हजारो वेळा येतो. शिवाय ज्या वयात त्या कामावर असतात त्या वयात सांध्याला पुढची पंचवीस-तीस वर्षे काढायची असतात. म्हणजे ज्यांना लवकर बरे होण्याची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच हातात सांधा किती टिकेल याची शंका सर्वांत जास्त. आणि ज्यांच्या हातात तो टिकेल, त्यांना घाई कमी. या पेचाचे उत्तर माझ्याकडे नाही; पॅरिसच्या किंवा अँटवर्पच्या आकड्यांतही ते नाही, कारण तिथल्या रुग्णांत विडी वळणारे कोणी नाही. ते उत्तर फक्त इथल्या हातांच्या नोंदीतून मिळू शकते. 'हरलो तर जुन्या मुक्कामावर येऊ' हा युक्तिवादही इथेच अडतो. परतीची ती दुसरी शस्त्रक्रिया, तिचा खर्च आणि पुन्हा काही महिन्यांची बुडालेली मजुरी, हा प्रवास विमा असलेल्या माणसाला परवडेल. ज्यांनी पहिल्याच वेळी कर्ज काढले त्यांना परतीचे तिकीट मिळत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट उघड बोलावी. हाड काढण्याच्या शस्त्रक्रियेला विक्रेता नसतो. तिच्यासाठी कोणी परिषदेत दालन उभारत नाही, परदेशी प्रशिक्षणाला नेत नाही, तिची चकचकीत चित्रफीत फिरत नाही. यामागे कोणाचे कारस्थान असेलच असे नाही. ज्यात विकण्यासारखे काही नाही त्याची भलामण करणारे कोणी नसते, इतकेच. रुग्णापर्यंत पोचणारी माहिती त्यामुळे आधीच एका बाजूला कललेली असते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली, तेव्हा काही प्रकारांच्या किमती जवळपास सत्तर टक्क्यांनी उतरल्या. एवढी उतरू शकणारी किंमत आधी कुठे जात होती हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना पडला होता. अंगठ्याच्या सांध्याला अशी मर्यादा नाही. दुसरीकडे ज्या गोष्टीने बहुतेकांची शस्त्रक्रियाच टळू शकते, म्हणजे हाताचा व्यायाम शिकवणारे प्रशिक्षित माणूस, तिच्यावर खर्च करायला कोणी पुढे येत नाही. वेल्लोरला १९४० च्या दशकाच्या अखेरीस पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या हातांवर कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या, तेव्हा हात सरळ झाला म्हणजे काम संपले असे त्यांनी मानले नाही. त्यांनी हात वापरायला शिकवणारी माणसे तयार केली आणि रुग्णांसाठी सुतारकामाची कर्मशाळा काढली. पाऊण शतकानंतर आपल्या कित्येक जिल्हा रुग्णालयांत भौतिकोपचार म्हणजे कंबर आणि गुडघा. हाताकडे पाहायला कोणाला वेळ नाही.

नोंदवहीवरचे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला : आपल्याकडे यंत्रणा आहेच, २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करण्याचा केंद्राचा कार्यक्रम चालू आहे, खुबा-गुडघ्याच्या सर्जनांच्या संघटनेचीही नोंदवही आहे. आहे, पण पहिल्यात बिघडलेल्याची तक्रार कोणी केली तरच नोंद होते. शंभरांत किती बिघडले हे त्यातून कळूच शकत नाही, कारण शंभर होते की हजार हेच माहीत नसते. अंश आहे, छेद नाही. दुसरी ऐच्छिक आहे, आणि ज्यांचे निकाल वाईट त्यांनी ऐच्छिक वहीत लिहायला पुढे यावे ही अपेक्षा जरा जास्तच झाली. दुसरा आक्षेप : डॉक्टर घाबरतील, अवघड रुग्ण नाकारतील. हे शक्य आहे. म्हणूनच नोंद आधी उपकरणाची हवी, डॉक्टरांची गुणपत्रिका म्हणून नको. तिसरा आक्षेप नेहमीचा, की भारत म्हणजे स्वीडन नव्हे. स्वीडनमध्ये गुडघ्याची नोंदवही १९७५ मध्ये आणि खुब्याची १९७९ मध्ये सुरू झाली, ना संगणक घरोघरी होते ना इंटरनेट. नॉर्वेने १९९४ पासून आपल्या नोंदवहीत खुब्याबरोबर इतर सांधेही घेतले, अंगठ्याचे सुद्धा. आपल्याकडे अंगठ्याचे सांधे अजून मोजके बसतात. लाखो झाल्यावर वही उघडण्यापेक्षा आत्ता उघडणे किती सोपे आहे.

आणि यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. शरीरात बसवायचे कुठलेही उपकरण देशात विकायला केंद्राचा परवाना लागतो. विकलेल्या प्रत्येक सांध्याचा हिशेब द्यायची अट त्याच परवान्यात घालता येते. सांध्याच्या खोक्यात प्रकार, माप आणि तुकडी क्रमांक छापलेल्या चिकटपट्ट्या येतात. शस्त्रक्रियागृहातली परिचारिका त्यांतली एक रुग्णाच्या कागदपत्रांत लावते, ती फाइल तळघरात जाते आणि काही वर्षांनी रद्दीत. तीच आणखी एक पट्टी, रुग्णाचे वय, कोणता हात आणि कामाचे स्वरूप एवढ्या चार ओळींसह एका ठिकाणी पाठवायची, आणि तो सांधा कधी काढावा लागला तर त्याच ठिकाणी पुन्हा कळवायचे. रुग्णाला घरी जाताना त्या पट्टीची प्रत आणि मराठीत लिहिलेला अर्ध्या पानाचा मजकूर द्यायचा : तुमच्या हातात काय बसवले, दुसरा पर्याय काय होता, आणि दुखू लागले तर कोणाला कळवायचे. हे करायला तयार असलेल्या रुग्णालयात माझ्या घरातल्या कोणी हा सांधा बसवून घ्यायचे ठरवले, तर मी अडवणार नाही. जिथे तयारी नाही तिथे मात्र १९४९ ची शस्त्रक्रियाच करून घे असे सांगेन.